खूण पटवून न्यावी

१

ठाण्याच्या मामलेदार कचेरीत मी एकतीस वर्षे कोंडवाड्याचे दप्तर सांभाळले. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरे सरकार धरून आणी, आणि ती कोणाची हे ठरवणे माझे काम. गुरे अर्ज करीत नाहीत, वशिला लावत नाहीत आणि साहेबाकडे चुगली करीत नाहीत. त्यामुळे खात्यात माझे नाव अखेरपर्यंत चांगले राहिले.

कोंडवाड्याचा एक नियम होता. तो कुठे छापलेला नव्हता, म्हणून नीट पाळला जाई. मालक म्हणवणाऱ्याने जनावर पाहण्याआधी त्याची खूण सांगायची. कोणता कान फाटका, कोणत्या शिंगाचा टवका उडालेला, पांढरा ठिपका कुठे. आधी कुडावरून आत डोकावून मग खूण सांगणाऱ्याला मी हाकलून देई. "ज्याला न बघता खूण सांगता येत नाही, त्याचं जनावर नाही," असे मी म्हणत असे. हे वाक्य मला इतके आवडे की दिवसातून चार वेळा म्हणत असे.

ठाण्यात तेव्हा 'साष्टीवृत्त' नावाचे साप्ताहिक निघे. संपादक विश्रामराव देशाच्या स्थितीवर अग्रलेख लिहीत आणि वर्गणीदार चौथे पान आधी उघडत. चौथ्या पानावर खबरी असत. भिवंडीच्या एका गृहस्थाने खबर दिली की आपली बायको घर सोडून गेली आहे, तिला कोणी थारा देऊ नये. पुढच्या अंकात बायकोच्या भावाची खबर आली की सदरहू बाई घर सोडून गेली नसून सदरहू गृहस्थाने घरात दुसरी आणली आहे. कल्याणच्या एका वकिलांनी छापवले होते की कीर्तनातून आमची छत्री कोणी चुकून नेली असल्यास चुकूनच परत ठेवावी. म्हशी हरवत, म्हशी सापडत. सापडल्याच्या खबरीत खूण कधी द्यायची नाही, नाही तर कोणीही येऊन सांगेल, ही शिस्त विश्रामरावांना मीच लावून दिली. 'खूण पटवून न्यावी' हे शब्द माझे.

छापखाना शिळेचा होता. हल्लीच्या शिशाच्या खिळ्यांनी छापण्याच्या दिवसांत तरुण मंडळींना हे समजावून सांगावे लागते. पिवळ्या कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा. तो कागद गुळगुळीत दगडावर पालथा घालून दाबायचा. अक्षरे दगडावर उलटी उमटतात. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. पाणी जिथे तिथे शाई धरत नाही, तेल जिथे तिथेच धरते. कोरा कागद दाबला की अक्षरे पुन्हा सुलटी. अंक निघाला की दगड वाळू आणि पाण्याने घासून पुढच्या आठवड्यासाठी कोरा करायचा. दगडाला तेवढी एकच खोड असते. कमी घासला तर मागचे विसरत नाही.

म्हणजे अख्खा अंक एकाच माणसाच्या अक्षरात निघे. कचेरी सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी तो मजकूर लिहिणारा माणूस मी होतो. ठाण्यापासून पनवेलपर्यंत शेकडो लोकांनी माझे अक्षर वाचले असेल. माझे नाव एकालाही माहीत नसेल.

२

सन अठराशे ब्याऐंशीचा वैशाख. शनिवारी दुपारी गोदा माझ्याबरोबर छापखान्यात आली. गोदा माझी एकुलती एक मुलगी, वय सहा. मी तिला घरी अक्षरे शिकवीत होतो आणि ती 'ग म भ न' पर्यंत पोचून तिथेच बसली होती. आमच्या शेजारच्या विमलाबाई ओसरीवरून विचारीत, "काय नाना, पोरीला मामलेदार करायची का?" मी म्हणे, "नाही हो, मामलेदाराला वाचता यावं अशी अट नाही."

छापखाना मासुंदा तळ्याच्या काठी एका कौलारू घराच्या पडवीत होता. यंत्र फिरवायला राघो होता. तो खारीगावच्या मिठागरातला माणूस, वाचता येत नसे, पण दगडाच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या महिन्यात काय छापले ते सांगेल अशी त्याची ख्याती. निदान तो स्वतः तसे सांगे.

विश्रामराव आणि मी खबरी ताडून पाहत होतो. उकाड्याने माणसे पातळ झाली होती. गोदाने काय करावे? नुकत्याच घासलेल्या, अजून ओलसर दगडावर तिने गाल टेकला आणि डोळे मिटून तशीच राहिली. केसांना सकाळीच तेल चोपडलेले.

"ए पोरी! उठ, उठ!" राघो ओरडला. "नाना, पोरीनी तोंड लावला दगराला!"

"गार लागतंय," गोदा डोळे न उघडता म्हणाली.

मी तिला उचलले. दगडावर काही दिसत नव्हते. तेल दिसत नाहीच. राघो वाळूचे टोपले घेऊन आला. "परत पुरा घासाय लागंल. तासभर."

खाडीच्या पुलाकडून आगगाडीचा आवाज येऊ लागला की आम्हाला घाई सुटे, कारण संध्याकाळच्या गाडीने अंक कल्याणला जायचे असत. विश्रामराव माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "दोन हात मार आणि पुरे कर. कोपऱ्याकडे तर होती. तिथे मजकूर नाही."

"घासला नाय तं ऱ्हाते, नाना."

"काय राहतं? पोरीचा गाल?" मी म्हणालो, आणि आम्ही दोघे हसलो. राघो हसला नाही. त्याने दोन हात मारले आणि पुरे केले.

३

पुढच्या शनिवारी चौथ्या पानाचा पहिला कागद राघोने सोलून काढला आणि विश्रामरावांनी वाचायला घेतला. वाचता वाचता ते थांबले.

"नाना, थट्टा करायची तर पहिल्या पानावर करा. चौथ्या पानावर लोक खरं समजून वाचतात."

पानाच्या तळाशी, जिथे मी चार बोटे जागा मोकळी सोडली होती, तिथे एक खबर होती.

"सापडली आहे. मुलगी, वय सहा, वर्ण गोरा, परकर हिरवा. नाव विचारता गोदा म्हणून सांगते. एका भुवईवर जुनी खोक आहे. कोणत्या बाजूस, ते मालकाने सांगावे. खूण पटवून न्यावी. मुदत तीन अंक. मागाहून हरकत चालणार नाही. तपास छापखान्यात."

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग मी लिहिलं? हा ळ बघा. असा पोट सुटलेला ळ सगळ्या जिल्ह्यात दुसरं कोणी काढत नाही."

ळ माझा होता. सगळीच अक्षरे माझी होती. पिवळा कागद बघावा म्हटले, तर दगडावर उतरला की तो भिजून लगदा होतो. तो केव्हाच टोपलीत गेला होता. विश्रामराव समजुतीने म्हणाले, "अहो, कचेरीतून थकून येता. लिहिता लिहिता डुलकी लागते, हात चालू राहतो. गेली दहा वर्षं तुम्ही तेच तेच लिहिताय. हाताला पाठ झालंय."

हे मला पटले. पटण्यासारखेच होते. झोपेत माणसे चालतात, बोलतात, आमच्या कचेरीत तर झोपेत निकालही देतात. राघोने झाव्याच्या दगडाने तेवढी खबर खरवडून काढली, आणि अंक खबरीवाचून निघाला. ती आम्हा तिघांखेरीज कोणी वाचली नाही. तिघे म्हणजे दोघेच. राघोला वाचता येत नव्हते, तरी त्याने विचारले, "पोरीचा हाय का त्यात?"

"काही नाही रे. म्हशीची खबर."

"म्हस," राघो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

४

घरी आलो तेव्हा गोदा ओसरीवर सागरगोटे खेळत होती. हिरवा परकर. मी तिच्यासमोर बसलो आणि तिची हनुवटी वर केली. दोन वर्षांपूर्वी पाटाच्या कोपऱ्यावर पडून झालेली खोक उजव्या भुवईवर होती. म्हटले, चला, उजवी. विषय संपला.

मग वाटले की ही खूण मी आत डोकावून पाहिली. न बघता मला सांगता आली असती का?

मी आठवू लागलो. पाट आठवला, रक्त आठवले, हळद दाबली ते आठवले. बाजू आठवेना. सहा वर्षे ज्या तोंडाकडे रोज पाहिले त्याची एक खूण सांगता येत नाही, असा मनुष्य कोंडवाड्यात आला असता तर मी त्याला काय म्हणालो असतो ते मला ठाऊक होते.

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको गंगू तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, आपल्या गोदीची खोक कोणत्या भुवईवर गं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. विचारतोय."

तिने हात आपल्या कपाळाकडे नेला. एका भुवईला बोट लावले. मग ओसरीवर नजर टाकली, आणि बोट दुसऱ्या भुवईवर नेले. मग हात खालीच घेतला.

"भात करपेल," असे म्हणून ती आत गेली.

दुपारचे तीन वाजले होते. चुलीवर काही नव्हते.

ओसरीवर सागरगोट्यांचा आवाज येत होता. गोदा सागरगोटे वर उडवून झेलत होती, एकही खाली पडत नव्हता. झेलत होती डाव्या हाताने.

५

पुढच्या आठवड्यात मी खबरदारी घेतली. चौथ्या पानाच्या तळाशी इंचभरही जागा ठेवली नाही. खबरी संपल्या तिथून कागदाच्या कडेपर्यंत पानाफुलांची वेल काढली, आणि ती काढताना मुद्दाम विश्रामरावांशी मोठ्याने बोलत राहिलो, म्हणजे डुलकीला वाव नको.

छापून आले तेव्हा वेल होती. पण मधोमध ती दोन्ही अंगांना वळली होती, दारावरचे तोरण बाजूला करावे तशी, आणि त्या मोकळ्या जागेत खबर होती. तीच. फक्त वर 'वेळ दुसरी' आणि शेवटी एक ओळ जास्त.

"मुलीस गार लागते."

विश्रामरावांनी चष्मा काढून पुसला. "नाना, तुम्ही रजा घ्या," एवढेच म्हणाले. या वेळी ळ दाखवला नाही.

राघोने झावा उचलला, पण लगेच खरवडले नाही. ओल्या फडक्याने दगड पुसायचा असतो, ते फडके त्याच्या हातात तसेच होते. "मी दर पानाला पानी मारतो," तो स्वतःशीच म्हणाला. "दोनशे वेला."

मी त्याला वाचून दाखवले नव्हते.

रविवारी सकाळी विहिरीवर विमलाबाई आपल्या मुलांना अंघोळ घालीत होत्या. तिघेही उघडे, साबणाच्या फेसात. तिघांच्या डाव्या दंडावर देवी काढल्याच्या दोन दोन खुणा.

"विमलाबाई, देवी काढल्या तेव्हा आमची गोदा तुमच्याकडेच होती ना?"

"अहो, माझ्याच मांडीवर! तुम्ही कचेरीत, गंगूबाईंना रक्त बघवेना. काय रडली होती! देवी काढणाऱ्याला म्हटलं, मेल्या, उजवा तरी मोकळा ठेव, जेवायचा हात आहे. तर म्हणतो, मी डाव्यालाच काढतो, सरकारचा हुकूम आहे. आख्ख्या आळीची पोरं डाव्या दंडाची. गोदे! ये गं इकडे, दाखव नानांना."

गोदा आली. विमलाबाईंनी ओल्या हाताने तिची डावी बाही वर सारली. दंड कोरा होता. त्यांनी दुसरी बाही सारली. तिथे दोन खुणा होत्या.

विमलाबाईंनी डावी बाही पुन्हा एकदा सारून पाहिली. मग हसल्या. "म्हातारी झाले मी. काय बाई लक्षात राहतं!" त्यांनी तिन्ही मुलांना अर्ध्या अंघोळीतून उचलून घरात नेले. त्या दिवसापासून त्यांची मुले आमच्या ओसरीवर खेळायला आली नाहीत.

म्हणजे आता मला खूण कळली होती. हिच्या उजव्या दंडावर आहे ते डाव्यावर असायला हवे. हिची उजवी भुवई, तर तिची डावी. तिची, असे मी मनात म्हणालो आणि त्या शब्दाला मीच दचकलो.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. विमलाबाईंची स्मरणशक्ती ती काय! मुले डावरी होतात. आणि पोर समोर आहे, जेवते, हसते, मी कचेरीतून आलो की पाण्याचा तांब्या पुढे करते. खरे तर गोदापेक्षाही गुणी. गोदाने माझ्या दोन दौती सांडल्या होत्या. दोन आठवड्यांत हिने एक थेंब सांडला नव्हता. शेवटी मी म्हटले, यात भयंकर काय आहे? मग लक्षात आले, तेच.

रिवाजाप्रमाणे करायचे तर सोपे होते. छापखान्यात जायचे आणि मोठ्याने सांगायचे: डावी. पण कोंडवाड्यातून एक म्हैस सोडवायची तर दावणीला आधीच एक उभी असून चालत नाही. एका नोंदीला एकच जनावर. मग घरी आहे तिचे काय करायचे, याला कोणत्याही दप्तरात रकाना नव्हता.

६

तिसऱ्या शनिवारी विश्रामराव कल्याणच्या शाळेत बक्षीस समारंभाला गेले होते. मी तिला बरोबर घेतले. गंगूने आपण होऊन तिची वेणी घातली, धुतलेला परकर नेसवला आणि दारापर्यंत आली.

"जपून आणा," ती म्हणाली.

कोणाला, ते म्हणाली नाही. रस्ताभर तो लहान हात माझ्या हातात होता. डावा. तो घामेजला होता.

छापखान्यात राघो एकटा होता. चौथे पान दगडावर उतरवून झाले होते, कागद अजून दाबायचा होता. तळ्यावर बायका धुणी आपटत होत्या, त्याचा आवाज पडवीत घुमत होता. ती माझा हात सोडून दगडापाशी गेली आणि टाचा उंचावून पाहू लागली. मग वाचू लागली.

'ग म भ न' वर अडलेली मुलगी. दगडावरची अक्षरे उलटी. मी एवढा मजकूर लिहिणारा, मलाही आरशावाचून वाचता येत नसत. तिचे बोट उजवीकडून डावीकडे चालले होते आणि ती न अडखळता वाचत होती. कोपरीच्या बाजूस एक बैल सापडला आहे, खूण पटवून न्यावा. पाचपाखाडीतील आंब्याची बाग देणे आहे. वाताच्या औषधाची जाहिरात, त्यातल्या संस्कृत श्लोकासकट.

मी मागच्या आठवड्याचा छापील अंक तिच्यापुढे धरला. "हे वाच."

तिने डोळे बारीक केले. "हे उलटं आहे, नाना."

राघोने हातातला रूळ खाली ठेवला.

ती पुन्हा दगडाकडे वळली. तिचे बोट तळाशी पोचले. मी त्या आठवड्यात तळाशी काही लिहिले नव्हते. तिथे काय आहे ते पाहण्याचीही मला इच्छा नव्हती. तिने वाचले, शाळेतल्या मुलांसारखे, सुरात.

"वेळ तिसरी व शेवटची. मुलगी, वय सहा. नाव विचारता गोदा म्हणून सांगते. खूण मालकाने सांगावी. मुलगी वाट पाहते."

धुणी आपटण्याचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला ते कळले नाही.

"नाना," राघो हलक्या आवाजात म्हणाला, "सांगा. कंची बाजू?"

"तुला काय माहीत रे?"

"मना काय बी म्हाईत नाय. दगर पुसतो ना मी. हाताला लागतं." तो हात धोतराला पुसू लागला, पुसतच राहिला. "तुमी सांगा. मंग जे व्हायचा तं होईल."

दोन अक्षरी शब्द. तो माझ्या जिभेवर होता. तेवढ्यात माझे बोट कोणीतरी धरले.

"नाना, ती आली तर मी कुठं जाऊ?"

तिने हे हट्टाने विचारले नाही. वाट चुकलेला माणूस नाक्यावर विचारतो तसे विचारले. तिच्या उजव्या भुवईवरची खोक मला इतकी जवळून दिसत होती की टाके न घातल्यामुळे तिथे केस कसे उगवले नाहीत तेही दिसत होते. हात कोमट होता. मुलीचा हात.

खाडीच्या पुलावर गाडी चढली. पूल वाजू लागला. गाडीची वेळ म्हणजे अंकाची वेळ, आणि अंकाची वेळ म्हणजे मुदत, हा हिशेब मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. आयुष्यभर मुदती मीच घालून दिल्या. आणि मुदत टळताना लोक दारात का घुटमळतात, तोंड का उघडत नाहीत, हे कोडे मला एकतीस वर्षांत त्या एकाच दुपारी सुटले.

"घास," मी म्हणालो.

"काय?"

"सगळा दगड घास. पुरा."

राघोने माझ्याकडे पाहिले. मग बादली उचलून दगडावर पाणी ओतले. पाणी पसरताना दगडाचा रंग बदलतो, राखाडीचा पिवळट होतो, कातडीसारखा. त्या पाण्याखाली मला एक गाल दिसला. टेकलेला, दाबल्यामुळे जरा पसरलेला. कान. कपाळाला चिकटलेले केस. भुवई, डावी. डोळा मिटलेला होता.

पुढचे दिसले नाही, कारण राघोने वाळू टाकली. असे मी इतकी वर्षे म्हणत आलो आहे. राघोने वाळू टाकली ती त्यानंतर जरा वेळाने.

घासण्याचा आवाज तासभर चालला. राघो पुढच्या सोमवारी कामावर आला नाही. मिठागरात परत गेला असे कळले. 'साष्टीवृत्त'चा तो अंक चौथे पान कोरे ठेवून निघाला. वर्गणीदारांची रागाची पत्रे आली. अग्रलेख गाळला असता तर एकही आले नसते.

७

त्यानंतर तशी खबर कधी आली नाही.

गोदा मोठी झाली. पंतोजी ठेवून तिला सुलटे वाचायला शिकवले, वर्ष लागले. डावा हात सुटला नाही तेव्हा सासरी दिसू नये म्हणून गंगूने जेवताना तो पदराखाली धरून ठेवण्याची सवय लावली. कल्याणच्या चांगल्या घरी पडली आहे. मला तिच्याविषयी तक्रार करायला जागा नाही, आणि हे मी जन्मभर तक्रारी ऐकलेला मनुष्य लिहितो आहे. गंगू चार वर्षांपूर्वी गेली. ती गेल्यावर एकदा सहज आठवले की त्या वैशाखानंतर तिने मुलीला कधी 'गोदी' म्हटले नव्हते. जन्मल्यापासून गोदी म्हणायची. नंतर नेहमी गोदा. एकदाही चुकली नाही.

विश्रामरावांनी खिळे आणले तेव्हा दगड मोडीत काढले. चौथे पान ज्यावर उतरत असे तो मोठा दगड मी मागून घेतला. तो माझ्या परसात आहे, न्हाणीच्या बाजूला, पालथा नव्हे, उताणा. मी त्यावर कपडे धूत नाही, कोणाला पाय ठेवू देत नाही. रोज सकाळी बंबातले पहिले पाणी त्याच्यावर घालतो, दोन तांबे, चांगले कढत. नेहमी ओलाच असायचा तो, थंड पाण्याने. आळीतल्या लोकांना वाटते की पेन्शन झाल्यावर नानांना देव आठवला. विमलाबाई एकदा विचारीत होत्या, कोणता देव? मी म्हटले, अजून खूण पटली नाही.

पाणी घालताना मी दर वेळी एक शब्द म्हणतो. डावी. मुदत टळून सतरा वर्षे झाली आहेत. पण विलंबाचे अर्ज साहेबाच्या मर्जीने दाखल होतात, हे मी पाहिले आहे. शब्द म्हणून झाला की थोडा वेळ थांबतो. बंबाची ठिणगी उडते, कावळा बोलतो. दुसरे काही नाही.

या दिवाळीला गोदा माहेरी आली. नरक चतुर्दशी झाली, त्यानंतरच्या सकाळी मी परसात होतो. ती मागच्या दारात येऊन उभी राहिली, केस मोकळे सोडून. मी तिला आलेली पाहिले नव्हते. एक तांब्या ओतला, शब्द म्हटला, दुसरा भरला.

ती पायऱ्या उतरून आली. पदराखालून डावा हात काढला, बोटे तांब्यात बुडवली आणि चटकन मागे घेतली, मुलाच्या अंघोळीचे पाणी बघावे तशी. मग थंड पाण्याच्या घागरीतून एक ओंजळ घेऊन माझ्या तांब्यात घातली.

"एवढं कढत नका घालू, नाना," ती म्हणाली. "आत एकदम सोसत नाही."